न फुटणाऱ्या काचा

२७ जुलै, रविवार. सकाळपासून कपाट रिकामं करून बुरशी पुसते आहे. वराळ्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आले तेव्हा वाटलं होतं, लोणावळ्याची ओल तिकडेच राहील. ती सामानातून आली. पट्टा, बूट, चामडी पाकीट, सगळ्यावर पांढरी लव उठली आहे. व्हिनेगरच्या पाण्यात फडकं बुडवायचं, पुसायचं, पंख्याखाली ठेवायचं. हात असे कामाला लागले की डोकं मोकळं होतं, आणि पावसाळ्यात मोकळ्या डोक्यात एक प्रकरण हमखास येऊन बसतं. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. वर्तमानपत्रात त्यावर दोन ओळीही आल्या नाहीत. तरी मोठमोठ्या तपासांमधली माणसं आज पुसट झाली आहेत आणि यातली माणसं अजून बोलताना ऐकू येतात.

मुदतीच्या आधी निवृत्ती घेण्यापूर्वीची गोष्ट. मी सहायक पोलीस निरीक्षक होते. नावं कुणाचीच घालत नाही.

जुन्या बाजारात दुकानांची एक लांब रांग होती. घाटातून रेल्वे वर आली त्या काळात बांधलेली. खाली काळ्या दगडाचे ओटे आणि कमानी, वर सागवानी खांबांवर पेललेला मजला, मजल्यावर कौलं, कौलांवर नंतरच्या लोकांनी टाकलेले पत्रे आणि पत्र्यांवर निळं प्लॅस्टिक. पावसाळ्यात दुपारी दरीतलं धुकं बाजारात शिरायचं आणि मग ती रांग असायची आणि नसायची. कधी नुसत्या कमानी दिसायच्या, वरचा मजला कुणी ओल्या फडक्याने पुसून टाकल्यासारखा. कधी उलटं, खिडक्याच तेवढ्या हवेत तरंगायच्या. चिक्कीसाठी उकळणाऱ्या गुळाचा वास त्या पांढऱ्या हवेतून कुठून येतो ते कळायचं नाही. रस्त्यावरची माणसं एकमेकांना दिसायच्या आधी त्यांच्या छत्र्या एकमेकींवर आपटायच्या. मी स्वप्नाळू बाई नाही, पण त्या दुपारी गस्त घालताना आपण जागेच आहोत ना, असं मलाही वाटायचं.

ही रांग पाडायची की ठेवायची, हा नगरपरिषदेपुढचा प्रश्न होता. वरचा मजला आधीच रिकामा करून त्याला कुलूप लावलं होतं. मालकाला सगळं पाडून तिथे हॉटेल बांधायचं होतं. भाडेकरू दुकानदारांना डागडुजी करून तिथेच राहायचं होतं. जुन्या वास्तूंची कळकळ असलेली काही मंडळी त्यांच्या बाजूने होती. दोन्हीकडचे अर्ज आमच्या ठाण्यात यायचे, कारण दोन्हीकडची माणसं एकमेकांना धमक्या द्यायची.

नगरपरिषदेत एकदा सुनावणी झाली, त्या बंदोबस्ताला मी हजर होते. बाकीचे तावातावाने बोलले. रांगेतले फोटो फ्रेमवाले काका शेवटी उठले आणि एवढंच म्हणाले, "माझ्या बायकोला दिसत नाही. साखरेनं डोळे गेले. पण ही रांग तिला हाताने पाठ आहे. दुकान, मागची खोली, मोरी, बाहेरचा ओटा, पिठाची गिरणी, सगळीकडे एकटी जाते. दुसरीकडे नेली तर ती खुर्चीत बसून राहील." मग खाली बसले. सभेने पुढचा विषय घेतला.

शेवटी निकाल काचांवर सोपवला गेला. नगरपरिषदेचा अभियंता नोकरीत नवा होता, पण कामाचा पक्का. त्याने पावसाच्या आधी भिंतींतल्या प्रत्येक मोठ्या भेगेवर काचेची एक आडवी पट्टी बसवली. दोन्ही टोकं प्लास्टरने भिंतीला घट्ट. भेग जुनी, झोपलेली असेल तर काच शाबूत राहील. भिंत हलत असेल तर काच तडकेल. पावसाळाभर काचा टिकल्या तर दुरुस्ती, फुटल्या तर पाडकाम. इतकं साधं. बाजाराला ते लगेच समजलं. सकाळी शटर वर करताना लोक एकमेकांना विचारायचे, "काय, काच आहे का?" घरातल्या आजाऱ्याची चौकशी करावी तसं.

खबर दिली ती भाजे गावाहून येणाऱ्या मावशींनी. त्या रांगेच्या शेवटच्या कमानीत रानभाज्या घेऊन बसायच्या. मी गस्तीवर असताना त्यांनी मला खुणेने बोलावलं.

"बाई, वर कोनतरी येतंय."

"वर कुठे?"

"मजल्यावर, आन कुटं? समदी दुकानं दुपारची झोपत्यात, धुकं खाली उतारतं, तवा. टुक टुक वाजतंय. उंदीर काय टुक टुक करतो व्हय?"

"तुम्ही कुणाला पाहिलं?"

"न्हाई बा. म्या वर गेल्यावर भाजी कोन राखंल, तुमी? पर मालकाचंच मानूस आसनार. भित पोखरत्यात. येक दिस समदं माज्या टकुऱ्यावर यील, मंग तुमी येताल पंचनाम्याला."

"असं बोलू नका, मावशी."

"मंग आदीच या की. पंचनाम्याला पोलीस लय येळेवर येत्यात."

माझ्याबरोबरचे हवालदार हसले. मी हसले नाही, कारण ते खरं होतं.

ठाण्यात येऊन स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि मालकाला बोलावलं. तो आला तोच घड्याळ बघत. खुर्ची दिली नाही तरी बसला.

"मॅडम, जरा डोकं लावा," तो म्हणाला. "मला ती रांग पाडून हवीय. काचा फुटल्या की माझं काम झालं. एक तरी फुटलीय का? विचारा त्या इंजिनिअरला. माझा माणूस रोज वर जाऊन ठोकतो आणि एकही काच फुटत नाही? असला बिनकामाचा माणूस मी पगारावर ठेवीन?"

"वरच्या कुलपाची किल्ली कुणाकडे असते?"

"एक नगरपरिषदेकडे, एक माझ्याकडे. पण मागचा जिना कुजलाय, त्याचं दार तर लहान पोरसुद्धा उचलून बाजूला ठेवील. मी कशाला किल्ली वापरू?"

तो गेल्यावर हवालदार म्हणाले, "मॅडम, माणूस उद्धट आहे, पण खोटा नाही."

"तेच तर अवघड. खोटा असता तर संध्याकाळपर्यंत घरी गेलो असतो."

पोलिसाच्या डोक्याची एक खोड असते. काही मोडलं असेल तर मोडणारा शोधायचा, याची त्याला सवय असते. इथे काहीच मोडलेलं नव्हतं. सगळं जिथल्या तिथे होतं आणि तरी कुणीतरी रोज दुपारी वर जात होतं. मी अभियंत्याला फोन केला आणि त्याच दिवशी, शुक्रवारी दुपारी, त्याच्याबरोबर वर गेले.

त्या खोल्या मला अजून दिसतात. भिंतींना निळा रंग, त्यावर कॅलेंडरं आणि आरसे निघून गेल्याचे फिकट चौकोन. एका तुळईला झोपाळ्याची कडी. खिडक्यांना तावदानं नव्हती, त्यामुळे धुकं सरळ आत आलं होतं आणि खोलीच्या मध्यभागी उभं होतं, भाडेकरू असल्यासारखं. खालचा बाजार पाण्याखालून ऐकू यावा तसा येत होता. आम्ही दोघं उगाचच हळू बोलत होतो.

"बघा मॅडम, एकही नाही," अभियंता खुशीत होता. "मी तर अहवाल लिहायला घेतलाय. भेगा जुन्या आहेत, टेकू देऊन दुरुस्ती करा. रांग वाचली म्हणायची."

मला काचेतलं काही कळत नाही. हात लावून बघायची सवय तेवढी आहे. रस्त्याकडच्या भिंतीवरच्या पट्टीवरून बोट फिरवलं तर बोट कापलं. रक्त पुसत मागच्या भिंतीकडे गेले. तिथल्या पट्टीवरूनही बोट फिरवलं, जरा जपून. कापलं नाही. शेजारच्या पट्टीवरून फिरवलं. तीही गुळगुळीत.

"तुम्ही काचांच्या कडा घासून घेतल्या होत्या?"

"कडा? नाही हो. काचवाल्याने कापून दिल्या तशा लावल्या."

"मग मागच्या भिंतीवरच्या कुणी घासल्या?"

तो जवळ आला. मी वाकून वास घेतला. जवसाच्या तेलाचा होता. टोकाला नख लावलं तर नख आत गेलं. प्लास्टर नव्हतंच ते. खिडकीला तावदानं बसवताना वापरतात ती लांबी होती, खडूची पूड जवसाच्या तेलात मळून केलेली, वरून पांढरी, दिसायला अगदी प्लास्टरसारखी. अभियंत्याने अंगठ्याने पट्टी ढकलली. ती जागच्या जागी हलली, हिरडीत दात हलावा तशी.

तो शेजारच्या पट्ट्याही एकेक करून ढकलून बघत गेला.

"मॅडम, ही काच कधीच फुटणार नाही. प्लास्टर कडक असतं, म्हणून भिंत हलली की काच तडकते. हे मऊ आहे. भिंत कितीही सरकली तरी काच तिच्याबरोबर नुसती सरकत जाईल." मग शेवटच्या पट्टीवरचा अंगठा काढत म्हणाला, "आणि मी सोमवारी सही करणार होतो."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. पावसाळ्यातल्या शनिवारी पुण्यामुंबईची गर्दी त्या कमानींखाली पावसाची उभी राहते, मक्याची कणसं खात. थांबायला वेळ नव्हता, आम्ही तसेच खाली उतरलो.

रांगेत काचेचं काम करणारं दुकान एकच होतं, फोटो फ्रेमवाल्या काकांचं. मी हवालदारांना आणि अभियंत्याला बाहेर थांबवलं आणि एकटी आत गेले. काकांच्या दुकानात चारी भिंतींवर देव, नवरा-नवरी, हार घातलेले म्हातारे. बाहेरचं धुकं सगळ्या काचांत उतरलं होतं आणि प्रत्येक देवाच्या छातीवर माझी खाकी वर्दी दिसत होती. काकू मागच्या दारात बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "बूट पोलिसाचे, पण चाल बाईची. कोण आलंय?"

"मी आहे, काकू."

"बसा. चहा टाकते."

"नको. काकांशी काम आहे."

वरून काढून आणलेली पट्टी मी काउंटरवर ठेवली आणि काही बोलले नाही. चौकशीत गप्प बसणं हे निम्मं काम असतं. काकांनी पट्टी उचलली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला, समाधानाने मान हलवली. मग मान हलायची थांबली.

"तुमचीच ना?"

"माझीच."

"कडा का घासल्या?"

"काच अशी सोडायची नसते, मॅडम. कुणाचा हात कापतो." ते इतक्या सहज म्हणाले की माझं कापलेलं बोट मी काउंटरखाली नेलं.

"मूळच्या किती फोडल्या?"

"मी एकही फोडली नाही. देवाशपथ. फुटलेल्या बदलल्या." आता ते भराभर बोलायला लागले. "त्या पोरानं काच प्लास्टरात बसवली. प्लास्टर सुकताना आवळतं, काच तडकते. माझा उभा जन्म काचेत गेला. काचेला थोडं अंग हलवायला जागा द्यावी लागते. मी लांबीत बसवल्या. त्यानंतर तडकली का एक तरी? बघा की तुम्हीच! म्हणजे भिंत ठीक आहे. चूक त्या पोराच्या बसवण्यात होती."

हा माणूस खोटं बोलत नव्हता. आपल्या धंद्यातलं खरं तो सांगत होता. फ्रेममधली काच टिकावी लागते. भिंतीवरची काच फुटण्यासाठीच लावलेली असते, हे त्याच्या हाताला मान्य होणं शक्य नव्हतं.

तरी एक प्रश्न उरत होता, आणि तो विचारणं माझं काम होतं.

"चूक त्याची होती तर त्याला सांगितलं का नाही? दुपारी धुकं उतरल्यावर मागच्या जिन्याने का गेलात?"

काकांनी एक फ्रेम घेतली आणि स्वच्छ असलेली काच पुसायला लागले.

"भिंत हलतेय हे ह्यांना माहीत होतं म्हणून," काकू म्हणाल्या.

"तू आत जा."

"आतच आहे मी. बाई, इकडे या. हात द्या."

त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला मागच्या अंधाऱ्या बोळातून नेलं. त्यांचा डावा हात भिंतीवरून चालत होता, पाण्यावरून काठी ओढत जावी तसा. मी अडखळले.

"पायरी आहे तिथं. डोळे असून पडता का?"

मोरीपाशी त्या थांबल्या. माझं बोट धरून त्यांनी भिंतीला लावलं. तिथे भेग होती, खालपासून वरपर्यंत.

"आखाड लागला तेव्हा इथं माझं नख जायचं," त्या म्हणाल्या. "आता बोट जातं. घाला तुमचं."

माझं बोट गेलं. आतून थंड हवा येत होती, म्हणजे भेग पलीकडे निघाली होती.

"हे तुम्ही काकांना सांगितलं नाहीत?"

"कशाला? दुकान आहे त्यांचं. ते गेलं तर हा माणूस कुणाचे देव टांगत बसेल?"

काका आमच्या मागे बोळात येऊन उभे होते. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"मी तुझ्यासाठी गप्प होतो गं," ते म्हणाले.

"आणि मी तुमच्यासाठी. दोघंही शहाणे." काकूंनी भिंतीवरचा हात काढून पदराला पुसला. "आपल्या शहाणपणात भिंत पडायची त्या भाजीवालीच्या डोक्यावर. बाई, काय पाडायचं ते पाडा. मी बसेन खुर्चीत."

पुढचं सगळं कामकाज होतं आणि ते झालं. मुख्याधिकाऱ्यांना फोन, डायरीला नोंद, अंधार पडायच्या आत रांगेसमोर बॅरिकेड. मावशींना उठवून रस्त्यापलीकडे बसवलं. "आता आदी आलात व्हय!" एवढं ऐकून घेतलं. मागच्या भिंतीवर अभियंत्याने कडक प्लास्टरमध्ये नव्या पट्ट्या बसवल्या. शनिवारी, गर्दी बॅरिकेडच्या पलीकडून "चिक्की तरी घेऊ द्या" म्हणून आमच्याशी भांडत असतानाच, एकेक करून सगळ्या फुटल्या. आवाज फार बारीक होता. कुणी बांगड्या काढून ठेवाव्यात तेवढाच.

रांग रिकामी करायला सांगितलं तेव्हा धुकं इतकं दाट होतं की सामान नेणारी माणसं दिसत नव्हती, नुसतं सामान चालत होतं. काकांच्या दुकानातले आरसे आणि देव त्या धुक्यातून एकामागे एक तरंगत गेले. एका मोठ्या आरशात मला ती रांग उलटी दिसली, कमानी, खिडक्या, निळं प्लॅस्टिक, आणि वळणावर आरसा वळला तशी ती त्यातून निघून गेली. बंदोबस्तातला एक शिपाई टोपी काढून उभा होता. मी त्याला टोपी घालायला सांगितलं.

नगरपरिषदेने शेवटी ठरवलं की वरचा मजला आणि मागची बाजू पाडायची, पुढच्या दगडी कमानी टेकू देऊन राखायच्या. मालक नाराज झाला, दुकानदार नाराज झाले, वास्तूंची कळकळ असलेले लोकही नाराज झाले. माझ्या अनुभवात असा निर्णय बहुतेक वेळा बरोबर असतो.

काकांचा प्रश्न राहिला. सुरक्षेसाठी बसवलेल्या साधनांत त्यांनी ढवळाढवळ केली होती. त्यातून माणसं मेली असती. मी त्यांना अंधाऱ्या बोळातल्या त्या बोलण्यामुळे सोडलं, असं कुणी समजू नये. वरिष्ठांपुढे कागद ठेवले. कुणाला इजा करायचा हेतू नव्हता, नुकसान झालं नव्हतं, जबाबात त्यांनी काही लपवलं नव्हतं. वरिष्ठांनी लेखी समज देऊन प्रकरण बंद करायला सांगितलं. समज मी स्वतः वाचून दाखवली, जरा कडक आवाजात. काका सही करताना म्हणाले, "त्या पोराला सांगा, काच त्यानं बरोबर बसवली होती." मी निरोप दिला.

या प्रकरणाने मला शिकवलं ते असं. आम्ही मोडणाऱ्यांच्या मागे धावतो. मोडलेलं गुपचूप नीट करून ठेवणारा माणूस आमच्या नजरेत येत नाही, कारण त्याच्या मागे पसारा नसतो. पुढच्या नोकरीत मी अपघातस्थळी, घरगुती भांडणात, गोदामात, जिथे सगळं जास्तच जागच्या जागी असायचं तिथे थांबायला शिकले. घरातली दोन माणसं एकमेकांची काळजी म्हणून गप्प असतात तेव्हा धोका तिसऱ्याला असतो, हेही अनेकदा दिसलं. आणि लोणावळ्याच्या धुक्याबद्दल म्हणाल तर त्याचा दोष नव्हता. ते वर गेल्यावरही आम्हाला काही दिसलं नसतं.

पाडकाम एका दिवसात आटोपलं. वरचा निळा रंग संध्याकाळपर्यंत ढिगाऱ्यात होता. काका-काकूंना रेल्वेच्या पलीकडे, एका चाळीत तळमजल्यावरची खोली मिळाली होती, आणि त्याच चाळीच्या टोकाला दुकानापुरता गाळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर जायच्या आधी मी गर्दी अडवायचा एक जुना, बाद ठरवलेला दोर ठाण्यातून घेतला आणि हवालदारांना बरोबर घेऊन तिकडे गेले. खाटेपासून मोरीपर्यंत, मोरीपासून दारापर्यंत, आणि दारातून ओट्याच्या कडेने गाळ्यापर्यंत तो कमरेच्या उंचीवर बांधला. प्रत्येक वळणाला एक गाठ. हवालदारांनी गाठी मारल्या, मी ओढून बघितल्या. काकू उठून उभ्या राहिल्या आणि दोर धरून निघाल्या. काका हात पुढे करून वाटेत आले.

"बाजूला व्हा," त्या म्हणाल्या. "रस्ता अडवू नका."

दारापाशी त्या थांबल्या. दोर चाचपला.

"बाई, चुकीच्या बाजूला बांधलात. माझा डावा हात असतो भिंतीला."

आम्ही सगळ्या गाठी सोडल्या आणि पुन्हा बांधल्या. ठाण्यात पोहोचायला उशीर झाला.